फोन शाळेत का आणलास?

मधल्या सुट्टीत नववीतली एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. ओढणीखाली काहीतरी धरलेलं. "मॅडम, तुम्हाला एक दाखवायचं होतं." मी वह्या तपासत होते. मान वर केली, ओढणीखालचा फोन दिसला आणि २२ वर्षांच्या सवयीने तोंडातून निघालं, "फोन शाळेत का आणलास?" ती "सॉरी मॅडम" म्हणाली आणि आल्या पावली गेली. फोन जप्त केला नाही, एवढाच काय तो माझा मोठेपणा.

त्या फोनमध्ये काय होतं ते मला तीन आठवड्यांनी कळलं, तेही दुसऱ्याच मुलीकडून. सहलीच्या फोटोतून तिचा चेहरा कापून कुणीतरी व्हॉट्सॲपचं स्टिकर बनवलं होतं. शिंक येता येता टिपलेला चेहरा, खाली तिच्या दातांवरून ठेवलेलं नाव. वर्गाच्या ग्रुपवर कुणी काहीही लिहिलं की त्याखाली ते स्टिकर पडायचं. गुड मॉर्निंगला स्टिकर, गणिताच्या उत्तराला स्टिकर, कुणाच्या वाढदिवसाला स्टिकर. ग्रुपमध्ये ४३ मुलं होती आणि तीही त्यातच होती. बाहेर पडली असती तर गृहपाठ कळला नसता, आणि आपल्या माघारी काय चाललंय तेही कळलं नसतं. म्हणून ती राहिली, रोज बघत.

पालकसभेत दर वर्षी सायबर सुरक्षेवर एक व्याख्यान होतं. पाहुणे येतात, प्रोजेक्टर लागतो किंवा लागत नाही, आणि शेवटी ठरलेलं वाक्य येतं की मुलं घरी बोलत नाहीत, तेव्हा पालकांनो, मुलांशी संवाद साधा. पालक माना डोलावतात. मीही डोलावत आले. आता मला वाटतं, या वाक्याआड आपण मोठी माणसं लपतो. न बोलणं हा काही मुलांचा जन्मजात स्वभाव नाही. बोलल्याचा दंड भरावा लागतो, आणि तो वसूल करणारे आपणच असतो. घरी आईवडील, शाळेत माझ्यासारखे शिक्षक, पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदार. त्रास देणाऱ्याला काही होवो न होवो, सांगणाऱ्याचं मात्र हमखास काहीतरी जातं. आणि या हिशेबाला मुलं आपल्यापेक्षा पक्की असतात.

घरचा दंड म्हणजे फोन. तो आधी काढून घेतला जातो, मग काय झालं ते विचारलं जातं. त्यातून तो फोन बहुतेक वेळा मुलाचा नसतोच. आईचा असतो, सिम वडिलांच्या नावावर असतं, भाऊ त्यावर गेम खेळतो. २०२० च्या टाळेबंदीत शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा आमच्या भागात कित्येक घरांत पहिला स्मार्टफोन पोरांच्या शिक्षणासाठी म्हणून आला, कुणाकडे हप्त्यावर, कुणाकडे उसनवारीने. फोनबरोबर वर्गाचा ग्रुप आला. शाळा पुन्हा भरली, ग्रुप काही बंद झाला नाही. मग शिक्षक नसलेला दुसरा ग्रुप निघाला, मग दोन-तीन जणांना वगळून तिसरा. नववीतल्या मुलाची दोस्ती, भांडणं, परीक्षेची गडबड, सगळं तिथे चालतं. फोन काढून घेणं आपल्याला टीव्ही बंद करण्यासारखं वाटतं. मुलाच्या बाजूने पाहिलं तर एकाने त्रास दिला म्हणून बाकीच्या ४१ जणांशी संबंध तोडायचा, आणि तोडायचा कुणी, तर ज्याला त्रास झाला त्याने.

मुलींच्या बाबतीत दंड याहून मोठा. हिच्या नावाने इन्स्टावर कुणीतरी खोटं अकाउंट काढलंय असं घरी कळलं की पहिला प्रश्न येतो, "तुझा फोटो त्याच्याकडे गेलाच कसा?" दुसरा प्रश्न येत नाही, थेट निकाल लागतो. क्लास बंद. मैत्रिणीकडे जाणं बंद. दहावी होऊ दे, मग पुढचं बघू. हे 'पुढचं' म्हणजे कॉलेज नव्हे, हे मुलीला बरोबर कळतं. एवढी किंमत समोर दिसत असताना ती तोंड उघडेल अशी अपेक्षा ठेवणारे आपण एकतर भाबडे आहोत किंवा सोयीस्कर विसरभोळे.

आपली भाषाही या वसुलीत सामील आहे. सांगणाऱ्या मुलासाठी मराठीत किती शब्द आहेत पाहा. चोमडा, चहाडखोर, चुगलखोर, मॅडमचा चमचा. चहाडी, चुगली, कागाळी, लावालावी. मानाचा शब्द एक नाही. चिडवणाऱ्यासाठी मात्र सगळं खेळीमेळीचं, गंमत केली, फिरकी घेतली, खेचली जरा. जाड्या, काळ्या, ढापण्या ही नावं शाळेत पडायच्या आधी घरात पडलेली असतात, काका-मावश्यांनी ठेवलेली. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाचीच्या वजनावरून कुणी विनोद टाकतं, खाली हसऱ्या तोंडांची रांग लागते, आणि भाची त्यानंतर ग्रुपवर बोलायची थांबलीय हे दिवाळीपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. २०२४ मध्ये उत्तर प्रदेश बोर्डाच्या दहावीच्या परीक्षेत पहिली आलेली मुलगी आठवत असेल. तिला ९८.५ टक्के पडले आणि देशभरातून चर्चा झाली ती तिच्या चेहऱ्यावरच्या केसांची. ती करणारी सगळी काही शाळकरी पोरं नव्हती. स्टिकर बनवणारा आमचा मुलगा हे कुठे शिकला असेल, असा प्रश्न मला पडत नाही.

तरीही चिडवाचिडवी वेगळी आणि छळ वेगळा, आणि हा फरक पालकांना करता यायला हवा. नाहीतर पोरांच्या प्रत्येक अबोल्यात मोठी माणसं उतरायची. आधी स्वीडनमध्ये आणि मग नॉर्वेत डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात शाळांमधल्या छळाचा अभ्यास सुरू केला. त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही जगभर वापरतात. त्रास द्यायचा हेतू असणं, तो पुन्हा पुन्हा दिला जाणं, आणि दोघांच्या ताकदीत इतका फरक असणं की सोसणाऱ्याला स्वतःचा बचाव करता येऊ नये. फोनवर यातली दुसरी खूण चकवा देते. "मी एकदाच टाकलं होतं मॅडम," असं तो मुलगा मला म्हणाला आणि ते खरं होतं. त्याने एकदाच टाकलं. पुन्हा पुन्हा टाकायचं काम वर्गाने वाटून घेतलं. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-चार वेळा आलं, म्हणून प्रत्येकाला ते किरकोळ वाटलं. तिच्या वाट्याला सगळं आलं. ताकदीचा फरकही इथे अंगापिंडाचा राहत नाही. मैदानावर मार खाणारं पोर रात्री खोट्या अकाउंटवरून दुसऱ्याला रडवताना मी पाहिलंय.

वगळणं हा प्रकार तर पालकांच्या नजरेतून हमखास सुटतो. त्यात शिवी नसते, फोटो नसतो, दाखवण्यासारखं काहीच नसतं. जातपंचायती कुटुंबंच्या कुटुंबं वाळीत टाकत, लग्नकार्य, दुकान, मयत सगळं तोडत, त्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. वाळीत पडलेला माणूस कसा खचतो हे ज्या राज्याला कायदा करण्याइतकं कळलं, तिथेच तेरा वर्षांच्या पोरीचं "मला रिमूव्ह केलं" हे वाक्य हसण्यावारी जातं. मुलांना तो कायदा लावा असं कोण म्हणेल? पण "मग तूही दुसरा ग्रुप काढ" हे त्यावरचं उत्तर नव्हे. "ब्लॉक कर" हेही पुरेसं नाही. ब्लॉक केल्याने तिला दिसायचं थांबतं, इतरांना दिसतच राहतं.

छळ ओळखायच्या खुणांच्या याद्या पुष्कळ मिळतात, आणि त्यातल्या निम्म्या खुणा वयात येणाऱ्या कुठल्याही पोराला लागू पडतात. चिडचिड, खोलीत बसणं, भूक मंदावणं. मी दोनच सांगते. एक, फोन वाजला की मूल तो उचलण्याआधी क्षणभर थांबतं किंवा झडप घालून उलटा ठेवतं. दुसरी, जिथे फोटो निघणार असतात तिथून पाय काढून घेतं. गॅदरिंगचं नाव मागे घेतं. सहलीचे पैसे भरलेले असतात आणि आदल्या रात्री पोटात दुखायला लागतं. पोट खरंच दुखतं, बरं का. डॉक्टरांकडे जरूर न्या. पण सहलीला कोण कोण चाललंय, तेही विचारा.

बंदी हा यावरचा सगळ्यात लोकप्रिय उपाय. २०२२ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइल बंद असा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की दीड तास टीव्ही बंद, मोबाइल बंद. आणि ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, टिकटॉक यांसारख्या समाजमाध्यमांवर अकाउंटच ठेवता येणार नाही असा कायदा अमलात आणला. यातला वडगावचा भोंगा मला मनापासून आवडतो, कारण तो आजोबांनाही लागू आहे. बाकी दोन्हींबद्दल माझी एकच अडचण आहे. बंदी मोडून ज्या मुलाने अकाउंट काढलं, त्याला तिथे कुणी छळलं तर त्याने जायचं कुणाकडे? मदत मागायला आधी स्वतःचा गुन्हा कबूल करायचा. आमच्या शाळेतल्या मोबाइलबंदीने त्या मुलीचं नेमकं हेच केलं, आणि ती बंदी माझ्या तोंडून बोलली.

शिवाय व्हॉट्सॲप ऑस्ट्रेलियाच्या यादीत नाहीच, आणि आमच्या वर्गातला सगळा प्रकार व्हॉट्सॲपवरचा. इन्स्टाग्रामची १३ वर्षांची अट आपल्याकडे कशी पाळली जाते तेही सगळ्यांना माहीत आहे. कित्येक घरांत जन्मसाल बदलून अकाउंट काढून देणारे आईबापच असतात. मी काही फोनची वकील नव्हे. तासाला फोन नको हा नियम आमच्याकडे आजही आहे आणि तो असावा. पण नियम मोडल्याबद्दल जाब विचारायची खिडकी वेगळी आणि मदत मागायची खिडकी वेगळी हवी. दोन्हींना एकच रांग लावली की दुसऱ्या कामाला कुणी येत नाही.

हे मी गेल्या जूनमधल्या पालकसभेत मांडलं. मुलाने येऊन काही सांगितलं तर फोन काढून घेणार नाही, असं आधीच, काही घडलेलं नसताना, त्याला सांगून ठेवा, अशी विनंती केली. मागच्या बाकावरून एक वडील उठले. म्हणाले, "मॅडम, मग धाक कसा राहणार?" प्रश्न प्रामाणिक होता. मी म्हटलं, "दादा, धाक जरूर ठेवा. पण तुमच्या पोराला त्रास देणाऱ्याला तुमचा धाक आहे का? त्याला तर पक्कं ठाऊक आहे की हा घरी सांगणार नाही, कारण घरी तुम्ही आहात." त्यांना पटलं असं दिसलं नाही. आजही ठामपणे सांगता येणार नाही.

कायद्याचं म्हणाल तर 'सायबर बुलिंग' नावाचं वेगळं कलम आपल्याकडे नाही. त्रासदायक, आक्षेपार्ह मजकुरासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६ए हे कलम होतं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुण मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, एकीने मुंबई बंदबद्दल लिहिलं होतं म्हणून आणि दुसरीने ते लाइक केलं म्हणून. त्यानंतर श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलमच घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. बरं झालं. प्रत्येक घटनेनंतर "कडक कायदा करा" अशी ओरड होते तेव्हा मला पालघर आठवतं. अघळपघळ शब्दांचा कायदा दुबळ्याच्या बाजूने उभा राहील याची खात्री कुणी द्यावी?

आणि हाताशी असलेलं काही थोडं नाही. दुसऱ्याच्या नावाने अकाउंट चालवणं त्याच कायद्याच्या ६६सी आणि ६६डीमध्ये बसतं, खासगी अवयवांचे फोटो संमतीशिवाय काढणं-पसरवणं ६६ईमध्ये, मुलांची अश्लील चित्रं ६७बी आणि पॉक्सोमध्ये, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात. मुलीचा ऑनलाइन पिच्छा पुरवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलाग ठरतो, धमकीसाठी ३५१ आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविषयीच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही नोंदवता येते, आणि सांगणाऱ्याचा दंड माफ करणारी ही मोजक्या जागांपैकी एक. १९३० हा क्रमांक पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, छळासाठी तिथे फोन लावून लोक ताटकळतात. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन, आणि मन फारच खचलं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६.

पालकांचा हात मात्र आधी डिलीटकडे जातो. घाण घरात नको, ही भावना मी समजू शकते. पण पुरावा तोच असतो. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट हवा आणि त्या प्रोफाइलची लिंक हवी, कारण अकाउंटचं नाव पोरं दोन मिनिटांत बदलतात. फक्त एका बाबतीत उलट वागायचं. फोटो नग्न असेल, ॲपने बनवलेला खोटा असला तरी, तो काढून मामाला, सरांना, वकील मित्राला पाठवत बसू नका. मुलांची अशी चित्रं जवळ बाळगणंही कायद्याने गुन्हा ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. फोन आहे तसा पोलिसांसमोर ठेवायचा. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर न जाता त्याचा आकड्यांचा ठसा तयार होतो आणि इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या कंपन्या त्यावरून तो शोधून काढून टाकतात. माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांनीही अशा चित्रांच्या आणि तोतया अकाउंटच्या तक्रारीवर कंपन्यांना २४ तासांची मुदत घालून दिली होती, २०२६ मध्ये ती दोन तासांवर आणली गेली. आणि आम्हा शाळावाल्यांसाठी एक. पॉक्सोखालचा गुन्हा माहीत असून न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. "शाळेचं नाव खराब होईल, आपसात मिटवू" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय.

आता त्या स्टिकरवाल्या मुलाकडे. वय १४. त्याच्या आईला बोलावलं तर ती आधी म्हणाली, "आमचा तसा नाहीये." मग फोन पाहिला आणि रडायला लागली, मग त्याला तिथेच मारायला उठली. तिला भीती होती पोलिसांची. १८ वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत २०१५ चा बाल न्याय कायदा लागतो. सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात सहसा एफआयआरही होत नाही, नोंद होऊन बाब बाल न्याय मंडळाकडे जाते. हे मुलाला माफ करण्यासाठी सांगत नाही. पोराचं आयुष्य बरबाद होईल या धास्तीने आईबाप खोटं बोलायला लागतात, दुसऱ्याच्या मुलीवर दोष ढकलतात, ते थांबावं म्हणून सांगते. त्यालाही कबुली द्यायला जागा हवी, नाहीतर तोही आपला फोन साफ करून मोकळा होतो.

माझं खरं भांडण त्या उरलेल्या ४१ जणांशी होतं. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात 'किवा' नावाचा शालेय कार्यक्रम तयार झाला, त्याचा भर बघ्यांवर आहे. छळणाऱ्याला हसणारे प्रेक्षक मिळाले नाहीत तर त्याचा खेळ लवकर आटोपतो, असा तो विचार. मी वर्गात गेले तेव्हा त्या मुलाचं नाव घेतलं नाही, मुलीचंही नाही. इतकंच विचारलं, ते स्टिकर कुणाकुणाच्या फोनमध्ये सेव्ह आहे? फोन जप्त होणार नाहीत, आजच्या दिवस शब्द देते. बराच वेळ कुणी हललं नाही. मग एक हात वर आला, मग सात-आठ. आणि ज्या मुलीने मला हे सगळं सांगितलं होतं तिला दुसऱ्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'चोमडी' लिहिलेलं सापडलं. तो फळा मी स्वतः पुसला, पण आधी तास त्या शब्दावरच घेतला. मराठीची शिक्षिका असल्याचा तेवढा फायदा.

स्टिकर बंद झालं. ज्या मुलीला मी दारातून परत पाठवलं ती दहावी संपेपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलली. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर २०२४ मध्ये शाळांतले सीसीटीव्ही, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती यांबद्दल शासनाने पुन्हा बजावलं होतं. आमच्याकडे पेटी लागली. मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर, आणि कॅमेरा लागला तो बरोब्बर तिच्या समोर. वर्षभर पेटी रिकामी निघाली आणि 'तक्रार निरंक' असा अहवाल गेला. यंदा बरीच मनधरणी करून ती पेटी आम्ही कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर, वाचनालयाच्या जिन्याखाली हलवली. पहिल्या महिन्यात उघडली तेव्हा बिस्किटाचा एक कागद निघाला, आठवी अ चा पंखा बंद असल्याची एक चिठ्ठी, आणि मराठीच्या मॅडम गृहपाठ फार देतात अशा दोन. त्या दोन्हींखाली नाव लिहिलेलं होतं.